पवन नावाचा कोणी नव्हता

त्या यादीतलं पाचवं नाव कुणाचं आहे, हे मला पहिल्या नजरेतच कळलं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. धंद्यातला एखादा अनुभव छापायला लिहून द्या म्हणून आमच्या संघटनेनं मला सांगितलं, तेव्हा हाच पहिल्यांदा आठवला, आणि हा सोडून दुसरा कुठलाही लिहावा असं वाटलं. दोन लिहून बघितले. फाडले.

मी तेव्हा तानाजीरावांच्या हॉलमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. समोरच्या भिंतीवर नवा मोठा टीव्ही होता. हे टीव्ही काही न लावता तसेच ठेवले की आपोआप घरचे फोटो दाखवायला लागतात. त्यावर तानाजीरावांची मुलगी स्नेहल हसत उभी होती. बोटात अंगठी, शेजारी फेटा बांधलेला एक मुलगा.

"हे बघा," तानाजीराव म्हणाले. "काल रात्री सगळं काढलं. आज परत हजर."

त्या मुलाशी तिचा साखरपुडा होऊन दीड वर्ष झालं होतं आणि मोडून वर्षाच्या वर. लग्नानंतर ती नोकरी सोडणार की नाही, यावरून मोडला. आता दुसरं स्थळ आलं होतं, जयसिंगपूरचं. मुलगा आणि स्नेहल दोनदा भेटले होते आणि दोघांना पसंत होतं. पुढच्या रविवारी तिकडची मोठी माणसं घर बघायला यायची होती. आधीचा साखरपुडा मोडल्याचं त्यांना सांगितलेलं होतं. पण सांगणं वेगळं आणि पोहे खाताना टीव्हीवर बघणं वेगळं.

"तोवर टीव्ही बंद ठेवा की," मी म्हणालो.

"बंदच ठेवतो वो. पण ही बघा की." त्यांनी स्वयंपाकघराकडं मान केली. "सकाळी मालिका लावायला जाती आन् रडत बसती."

"रडत न्हाय मी," आतून वहिनींचा आवाज आला. "कांदा चिरतोय. त्यास्नी चहा घेऊ द्या आधी."

तानाजीराव मूळचे नेसरीचे. डेअरीत दुधाचा फॅट तपासायच्या कामावर त्यांची हयात गेली. सरळ माणूस. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि संशय आला की तपासल्याशिवाय सोडायचा नाही, ही नोकरीतली सवय. माझं शाहूपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्या घरातला पहिला कॉम्प्युटर मीच बसवला होता, स्नेहल तेव्हा पाचवीत होती. मला ती काका म्हणते.

आता जरा कामाचं सांगतो. क्लाउड म्हणजे आभाळात काही नसतं. कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आपण घेतलेलं एक कपाट असतं. त्याची किल्ली म्हणजे पासवर्ड. तानाजीरावांच्या घरात एकच कपाट होतं आणि किल्ली सगळ्यांकडं होती. दोघांचे फोन, स्नेहलचा फोन आणि टीव्ही, सगळी त्याच कपाटातून घेणार आणि त्याच कपाटात ठेवणार.

या कपाटातली फाइल डिलीट होत नाही, अशी तक्रार माझ्याकडं आठवड्याला एक तरी येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं. माणसानं फाइल काढलेली असते, पण ती कचऱ्याच्या डब्यात पडून असते. मी डबा उघडला. रिकामा होता.

"ते मी रोज मोकळं करतो," तानाजीराव म्हणाले. "मला काय अगदीच येडं समजू नका."

दुसरं कारण असं की फाइल आपली नसतेच. दुसऱ्यानं आपल्याला बघायला दिलेली असते. मालक तो असतो, मग आपल्याला काढता कशी येईल? ते बघितलं. मालक म्हणून तानाजीरावांचंच नाव होतं.

तिसरं कारण फोन. फोनमध्ये फोटोची जुनी प्रत पडलेली असते. कपाटात नाही असं बघून फोन ती इमानदारीनं परत ठेवतो. मी तिन्ही फोन मागितले. स्नेहलनं लगेच आपला फोन दिला, लॉक उघडून. तिन्ही फोनमध्ये साखरपुड्याचा एकही फोटो नव्हता.

"कधी कधी येतात परत, काही नोंद आहे?" मी विचारलं.

नोंद होतीच. तानाजीरावांनी खिशातली छोटी वही काढली. "र. काढले. सो. नाहीत. मं. आले. मं. काढले. बु. आले." असं तीन आठवडे.

"सोमवारी कधीच येत नाहीत," मी म्हणालो.

"व्हय." त्यांनी आवाज खाली आणला. तो खाली आणला तरी गल्लीत ऐकू जातो. "सोमवारी पोरीचा उपास असतोय. देवाला घाबरती."

तेव्हा मला समजलं की घरात काय चाललंय. फोटो स्नेहलच परत टाकते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. जुन्या मुलातून तिचं मन निघालेलं नाही, असं.

"बाबा," स्नेहल म्हणाली, "मी दहा वेळा सांगितलंय. मी टाकत नाही."

"मग भूत टाकतंय?"

मी म्हटलं, भांडू नका, आता कळेल. या खात्यात एक पान असतं. आपलं कपाट कुठल्या कुठल्या यंत्रावरून उघडलेलं आहे, त्याची यादी त्यावर असते. मी ते पान उघडलं. तानाजीराव चष्मा लावून माझ्या खांद्यावरून वाकले. तीन फोन. टीव्ही. आणि पाचवं:

PAVNA. विंडोज. कोल्हापूर. आज, 10:38.

सोमवारी माझ्या दुकानाला सुट्टी असते. बाकी दिवशी मी साडेदहाला शटर उघडतो. आल्याआल्या पहिलं मशीन चालू करतो ते टेबलाखालचं. गिऱ्हाइकांच्या हार्ड डिस्क लावायला ते वेगळं ठेवलेलं आहे. दुसऱ्याचा डेटा आपल्याकडं पाहुणा म्हणून येतो, जेवू घालायचा आणि पाठवून द्यायचा, म्हणून मी गमतीनं त्याचं नाव ठेवलं होतं पावणा. कॅबिनेटवर पट्टी चिकटवून मराठीत लिहिलं होतं आणि आत इंग्रजीत टाईप केलं होतं. इंग्रजीत काना नसतो.

दीड वर्षापूर्वी फोटोग्राफरनं दिलेला पेन ड्राइव्ह घेऊन तानाजीराव दुकानात आले होते. त्यांच्या घरचं इंटरनेट मंद, एवढे फोटो चढायचे नाहीत. मी ते माझ्या मशीनवर उतरवून घेतले आणि त्यांच्या खात्यात चढवायला लावले. पासवर्ड त्यांनीच डेअरीच्या कागदाच्या पाठीमागं लिहून दिला होता. मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहायला नको, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लावतो. मशीन सुरू झालं की तो फोल्डर आणि कपाट ताडून बघतो, आणि कपाटात जे नसेल ते भरतो. त्याला फक्त भरायचं माहीत, काढायचं माहीत नाही. काम झालं की हा प्रोग्रॅम बंद करायचा, खात्यातून बाहेर पडायचं आणि फोल्डर पुसायचा. या तिन्हींपैकी मी एकही केलं नव्हतं.

वर्षभर कुणी काही काढलं नाही, म्हणून त्यानं काही भरलं नाही. नवा टीव्ही आला, तानाजीरावांनी फोटो काढायला सुरुवात केली, आणि माझं मशीन रोज साडेदहाला ते नेमानं परत ठेवायला लागलं.

हे सगळं समजायला मला एक श्वास पुरला. तेवढ्यात तानाजीराव अक्षरं जुळवत होते.

"पी ए व्ही एन... पवन. पवन आन् फुडं ए." ते सरळ उभे राहिले. "ए म्हंजे आडनाव. स्नेहल, हा पवन कोण?"

"कोण पवन?"

"मी इचारतोय तुला. आपल्या खात्यात, कोल्हापुरातनं, आज सकाळी. कोण हाय?"

"मला नाही माहीत बाबा. माझ्या ओळखीत पवन नाही कुणी."

"ओळखीत न्हाय, आन् त्याच्याकडं आपला पासवर्ड हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. या खोलीत यंत्राचं कळणारा एकटा मी होतो.

इथं मला बोलायचं होतं. वाक्य सोपं होतं. तानाजीराव, ते पवन नाही, पावणा आहे, माझंच मशीन, चुकलं माझं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या आणि वहिनींनी परत चहा टाकला असता.

मी बोललो नाही. का, ते सांगतो, त्याचं समर्थन म्हणून घेऊ नका. त्याच महिन्यात गावात एका मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं गिऱ्हाइकाच्या मुलीचे फोटो सापडले होते. लोकांनी त्याच्या दुकानाची काच फोडली होती. त्याचा हेतू वाईट होता. माझा नव्हता. पण दीड वर्ष एका मुलीचे चारशे फोटो माझ्या टेबलाखाली होते, हे वाक्य एकदा गल्लीत गेलं की हेतू विचारायला कोण थांबतंय, असं माझ्या मनात आलं. हे सगळं त्या एका श्वासातच आलं.

मग मी जे केलं ते गप्प बसण्यापेक्षा वाईट होतं. यादीतल्या नावावर क्लिक केलं तर यंत्राची आणखी माहिती उघडते. स्नेहलचा हात लॅपटॉपकडं येत होता. मी म्हणालो, "थांबा. आधी ह्याला बाहेर काढू, सेफ्टीच्या दृष्टीनं." आणि त्या नावापुढचं साइन आउट दाबलं. पासवर्डही बदलला. नाव यादीतून गेलं.

"शाब्बास," तानाजीराव म्हणाले. "हाकलला बघा त्याला."

मी फोटो डिलीट केले, डबा रिकामा केला आणि चहा न घेता निघालो.

दुकानात येऊन आधी तो प्रोग्रॅम काढला, मग फोल्डर पुसला. पुसण्याआधी मी तो उघडलाही नाही, हे मला आजही कुणाला तरी सांगावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी फोटो आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. तानाजीरावांच्या वहीत आता सरळ हिशोब लागला होता. पवनला हाकलला आणि फोटो यायचे बंद झाले. म्हणजे पवन होता. फॅट तपासणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगला पुरावा कुठला देणार?

बुधवारी स्नेहल दुकानात आली. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच हातात. ती समोरच्या स्टुलावर बसली. तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर टेबलाखाली ते कॅबिनेट होतं, पट्टी तिच्याकडं. मी पायानं ते हळूच आत ढकललं आणि थोडं वळवलं.

"काका, तो पवन कोण आहे, ते शोधता येईल?"

"अवघड आहे. नाव निघून गेलंय यादीतून."

"बाबा माझ्या कॉलेजच्या ग्रुप फोटोमागची नावं वाचत बसलेत. ए वरून आडनाव असलेली मुलं शोधताहेत. आडमुठे आडनावाच्या एका मुलाच्या घरी फोन केला त्यांनी. त्याचं नाव प्रवीण आहे. त्याच्या आईनं मला फोन करून विचारलं, काय गं झालंय?" ती हसली, पण अर्धवटच. "बाबांना वाटतंय, माझं कुठंच जमू नये म्हणून तो पवनच फोटो टाकत होता, आणि पहिला साखरपुडाही त्याच्यामुळंच मोडला. काका, मला हे स्थळ पसंत आहे. मी खरंच सांगते. तुम्ही बाबांना एवढंच सांगा, की असं कधी कधी चुकीचं नाव येऊ शकतं. तुमचं ऐकतील ते."

"सांगतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"आजच फोन करतो."

मी फोन केला. त्या कॉलसाठी मी स्वतःला सगळ्यात जास्त दोष देतो, कारण तो मी तिला मदत म्हणून केला.

"तानाजीराव, ते पवन प्रकरण मनावर घेऊ नका. कंपनीच्या सर्व्हरची अशी नावं असतात. ती चुकून यादीत दिसतात."



"सुहासराव, नावाखाली कोल्हापूर लिवलं हुतं. मी वाचलंय. कंपनीचा सर्व्हर कोल्हापुरात हाय व्हय? पंचगंगेच्या घाटावर ठेवलाय?"

मग त्यांनीच पुढं विचारलं.

"स्नेहल आलती तुमच्याकडं?"

"आली होती."

"तिनंच सांगितलं न्हवं, असं असं सांगा म्हणून?"

तिनं खरंच तसं सांगितलं होतं. आणि ती खरं बोलत होती. दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि ते सोडवून सांगायचं तर मला टेबलाखालच्या मशीनपासून सुरुवात करावी लागणार होती.

"तसं नाही," मी म्हणालो. तेही उशिरा.

"ऱ्हाऊ दे. तुमचा राग न्हाय. पोरीच्या शब्दाखातर बोललासा. चांगलं मन हाय तुमचं." फोन ठेवला त्यांनी.

रविवारला अजून चार दिवस होते. रोज शटर उघडताना मी ठरवायचो, आज जाऊन सांगायचं. शनिवारी वहिनींचा फोन आला. तानाजीराव स्वतः जयसिंगपूरला जाऊन आले होते. तिकडच्या मोठ्या माणसांपुढं बसून त्यांनी सांगितलं, आमच्या पोरीचं मन दुसरीकडं आहे, नाव आम्हाला कळलंय, माणूस कळलेला नाही. तुमची फसवणूक करून द्यायची नाही, म्हणून आधी सांगायला आलो. ती माणसंही चांगली. त्यांनी तानाजीरावांना जेवू घालूनच पाठवलं. आणि स्थळ संपलं.

"लई खरं वागले वो हे," वहिनी म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि या वेळी कांद्याचं नाव घेतलं नाही.

स्नेहल महिन्याभरात बदली मागून पुण्याला गेली. जयसिंगपूरच्या मुलाचं पुढं दुसरीकडं लग्न झालं. ती गौरीला येते, एक रात्र राहते, आईशी बोलते. बापाशी जेवढ्यास तेवढं. याला आता तीन वर्षं होतील. तानाजीराव आणि वहिनी नेसरीला राहायला गेले. टीव्ही मात्र तिकडंही तोच आहे, असं ऐकतो.

गेल्या महिन्यात तानाजीराव कामानिमित्त कोल्हापुरात आले होते, तेव्हा दुकानात डोकावले. फोन बदलला होता, जुन्यातले नंबर नव्यात घ्यायचे होते. माणूस थोडा वाळलाय. स्टुलावर बसून त्यांनी दुकानभर नजर फिरवली.

"तो पवन काय घावला न्हाय शेवटपातुर," ते म्हणाले.

मी नंबर चढवत होतो.

"घावला असता तर लगीन लावून दिलं असतं मी. जात बघितली नसती, का नोकरी बघितली नसती. तिनं नुसतं तोंड उघडाय पायजे हुतं. बापाला एवढं सांगता येऊ ने? एवढा का मी वाईट हाय, सुहासराव?"

"नाही," मी म्हणालो. तेवढंच. फोन त्यांच्या हातात दिला. जाताना त्यांनी गावच्या बागेतली पाच-सहा केळी टेबलावर ठेवली.

या धंद्यातल्या नव्या लोकांनी यातून एवढं घ्यावं. गिऱ्हाइकाचं खातं आपल्या मशीनवर उघडलं, तर ते गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच बंद करायचं, फोल्डर त्याच्यादेखत पुसायचा, आणि हे दोन्ही झाल्याची त्याच्याकडून वहीत सही घ्यायची. मी आता तसं करतो. फाइल परत परत येत असेल, तर सगळ्यांत आधी आपल्या टेबलाखाली बघायचं. मशीनला गमतीची नावं ठेवायची नाहीत. माझ्या त्या मशीनचं नाव आता नुसतं दोन आहे. पट्टी खरवडून काढली, तिचा चिकटा मात्र अजून कॅबिनेटवर आहे.

हा मजकूर छापून येईल तेव्हा तो नेसरीला आणि पुण्याला पोचेलच. त्याआधी मी जायला हवं, हे मला कळतं. पवन नावाचा कोणी नव्हता, ते माझं मशीन होतं, आणि स्नेहल पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती. एवढं तानाजीरावांना त्यांच्या समोर बसून, स्नेहलच्या देखत सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.